मिठाच्या वाटेचं गाणं

एर्मेते रेपेत्तोला जेनोव्हात सगळे मांजरवाला म्हणत. विशीत असताना त्यानं बंदरातल्या एका काण्या बोक्यावर गाणं रचलं होतं. मासळीबाजारात चोऱ्या करणारा, तीन बायका असलेला, पाद्रीबुवांच्या खुर्चीत झोपणारा बोका. मिलानच्या एका कंपनीनं त्याची तबकडी काढली आणि एका उन्हाळ्यात ते गाणं किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलात वाजलं. मग पुढची सगळी वर्षं एर्मेते कुठंही गायला उभा राहिला, की मागच्या रांगेतून कुणीतरी 'म्यांव' करायचंच.

इल्वा त्याची बायको. ती त्याच्या शेजारी बसून अकॉर्डियन वाजवायची. लग्नाआधीही वाजवायची, आणि भांडण झालेल्या दिवशीही वाजवायची. फक्त त्या दिवशी लय जरा चढी असायची. त्याचं प्रत्येक गाणं तिनं कच्चं असताना ऐकलेलं होतं. गोदीत क्रेन चालवणाऱ्या बापावरचं, संपावरचं, तिच्या आईच्या शिवणयंत्रावरचं. कंपनीला असली गाणी नको होती. "आणखी एक मांजर द्या," असं त्यांचं म्हणणं. एर्मेतेनं नकार दिला, तेव्हा मिलानचं दार बंद झालं. मग जत्रा, कामगारांचे मेळावे, शाळांची अंगणं. पोट भरत होतं. पण साठीच्या आसपास त्यानं लिहिणंच सोडलं. इल्वानं विचारलं तर म्हणायचा, "विहीर आटली की बादली कितीही सोड, खडखडाटच ऐकू येणार."

अशात कोस्ताबुइयाहून बोलावणं आलं. जेनोव्हाच्या मागच्या डोंगरात, वळणावळणांच्या रस्त्यानं वर गेलं की हे गाव लागतं. ऑक्टोबरमधली चेस्टनटची जत्रा होती. मानधन बेताचं, जेवण मात्र पोटभर.

सकाळी चौकात कार्यक्रम झाला. पोरं म्यांव म्यांव करून नाचली, म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोघांना चर्चमागच्या सभागृहात जेवायला नेलं. लांबलचक टेबल, हरणाच्या मांसाचा रस्सा, चेस्टनटच्या पिठाच्या जाड शेवया, काळसर वाइन. एर्मेतेच्या समोर देसोलिना मावशी बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, डोक्याला रुमाल, हातात सुरी, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शब्द शेवटचा.

"तुम्ही फार हडकुळे हो, मांजरवाले," त्या म्हणाल्या. "बायको जेवायला घालत नाही वाटतं?"

"घालते, पण ते सगळं बोका खातो," एर्मेते म्हणाला.

टेबलभर हशा पिकला. कुणीतरी आणखी वाइन ओतली. आणि ताटं उचलायच्या आतच बायकांनी गायला सुरुवात केली. तिथं तशीच रीत होती. एकीनं सूर धरायचा, दुसरीनं त्यावर चढायचं, आणि पुरुषांनी खाली घुमत राहायचं, गोठ्यात गाय हंबरावी तसं. लग्नाचं गाणं झालं, पिकाचं झालं. मग देसोलिना मावशींनी डोळे मिटले आणि एकट्यांनीच उचललं:

*मीठ चढतं डोंगर, खेचराच्या पाठीवरी,*
*धनी चालला संगती, दिवा जळतो गं घरी.*

इल्वाच्या हातातला पेला तसाच राहिला.

हे गाणं एर्मेतेचं होतं. जेनोव्हात भाड्याच्या खोलीत, पावसानं कपडे वाळत नव्हते म्हणून दोरीवरच्या ओल्या चादरींच्या मधे बसून त्यानं ते रचलं होतं, आणि पहिल्यांदा सूर तिनंच धरला होता. बोक्याच्या तबकडीची दुसरी बाजू. ती कुणी वाजवली नव्हती. एर्मेते स्वतः गमतीनं म्हणायचा, की ती बाजू अजून कुमारिका आहे. पण कुणीतरी, कधीतरी, या डोंगरातल्या कुठल्यातरी घरात, ती तबकडी उलटली होती.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ मात्र हलत होते. सगळ्या बायकांनी ती ओळ दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गाऊ लागला, हळूच, जसं लिहिलं होतं तसं: *दिवा विझतो गं घरी.*

मावशींनी टेबलावर सुरीची मूठ आपटली. "थांबा! अहो, विझतो नाही, जळतो! घरात बाई जागी बसलीय, दिवा विझेल कसा? तुम्हां शहरातल्या लोकांना काही कळत नाही, उगाच मधे तोंड घालता."

"माफ करा, मावशी," एर्मेते म्हणाला. "कुठून शिकलात हे गाणं?"

"शिकायचं काय त्यात? आमच्या आजीच्या आजीच्या वेळचं आहे. बंदरातलं मीठ खेचरांवरून इथूनच डोंगरापलीकडे जायचं ना, तेव्हाचं. गावातलं पोर बोलायच्या आधी हे गुणगुणतं."

इल्वाला राहवेना. "अहो मावशी, हे तर…" तिनं सुरुवात केली, तोच टेबलाखाली एर्मेतेचा बूट तिच्या पावलावर पडला. चांगला जोरात. तिनं रागानं त्याच्याकडे पाहिलं. तो मावशींकडे पाहत होता, लहान मूल जादूगाराकडे पाहतं तसा.

"पुढं म्हणा ना," तो म्हणाला. "मला पुढचं येत नाही."

ते खरं होतं, आणि ते फक्त इल्वालाच ठाऊक होतं. गाण्याचं शेवटचं कडवं त्याला कधी सापडलंच नाही. महिनोन्‌महिने त्यानं कागद फाडले होते. शेवटी रेकॉर्डिंगच्या दिवशी तिथं नुसतं गुणगुणून वेळ मारून नेली होती, आणि ती गुणगुण त्याच्या मनात कुसळासारखी राहिली होती.

मावशींनी घसा साफ केला. आता सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. या कडव्याला उभं राहायचं, असाच गावचा रिवाज असावा. पुरुषांचा खर्ज जमिनीतून आल्यासारखा वर आला, आणि त्यावर:

*खेचर आलं एकलं, गोण रिती नि भिजली,*
*जिभेवर टेकवली, वाट सारी उमजली.*

इल्वाला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. पावसात विरघळून गेलेलं मीठ, धन्याविना परतलेलं जनावर, आणि ती रिकामी गोण जिभेला लावून सगळं समजून चुकलेली बाई. कुणी रचलं असेल हे? कुणी एकीनं? की दहाजणींनी, चेस्टनट सोलता सोलता, एकेक शब्द बदलत? ज्याच्यासाठी तिच्या नवऱ्यानं रात्री जाळल्या, ते इथं, त्याच्या नकळत, धान्याला कोंब फुटावा तसं उगवून आलं होतं.

एर्मेते रडत होता. लपवतही नव्हता.

"आता बघा, मांजरवाले रडायला लागले," मावशी म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. त्यांनी आपला रुमाल टेबलावरून पुढे सरकवला. "वाइन जास्त झाली का?"

"गाणं जास्त झालं, मावशी."

खाली उतरताना गाडीत इल्वा फुटली. "तू बोलला का नाहीस? ते तुझं आहे! आयुष्यभर बोक्याच्या शेपटीला धरून फिरलास, आणि आज तुझं सगळ्यात चांगलं गाणं समोर उभं राहिलं, तर त्याला ओळख देईनास?"

एर्मेतेनं पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "इल्वा, मी सांगितलं असतं तर ते एका माणसाचं झालं असतं. अर्ध्यावर सोडलेलं, दिवा विझवलेलं. आत्ता ते त्यांच्या आजीच्या आजीचं आहे. एवढं मोठं बक्षीस कुणाला मिळतं गं? मी जिवंत असताना माझं गाणं म्हातारं झालं."

इल्वाला त्याचं पटलं नव्हतं, पण आपण कशाच्या तरी शेजारी बसलो आहोत, जे आपल्याहून आणि त्याच्याहूनही मोठं आहे, असं तिला पहिल्यांदाच जाणवलं. तिनं खिडकीची काच खाली केली आणि थंडगार हवा आत घेतली.

त्या हिवाळ्यात एर्मेते पुन्हा लिहू लागला. फार नाही; पण जे आलं ते साधं आणि सरळ आलं, दुसऱ्यांनी हात लावायला जागा ठेवून. दर ऑक्टोबरला तो कोस्ताबुइयाला जायचा, पैसे न घेता, आणि पुरुषांच्या रांगेत मागे उभा राहून खर्जात घुमायचा. मावशी त्याला वेळोवेळी रागवायच्या. "मांजरवाले, सूर पडतोय!" मग तो मान खाली घालून सूर उचलायचा. जेनोव्हातल्या कुठल्याही मंचावर तो इतका खूश दिसला नव्हता.

काही वर्षांनी, वसंतात तो गेला, छातीच्या दुखण्यानं, दोन दिवसांत. बंदराजवळच्या चर्चमध्ये गोदीतले जुने मित्र आले, आणि दार उघडून कोस्ताबुइयाच्या बायका आत आल्या. भाड्याची बस करून, काळे कपडे घालून. आमचा खर्जवाला गेला, म्हणाल्या. शवपेटीजवळ उभं राहून त्यांनी मिठाच्या वाटेचं गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. गोदीतले दणकट म्हातारे टोप्या हातात चुरगळत उभे राहिले.

त्यानंतर पाद्रीबुवा बोलले. त्यांनी कुठंतरी जुनी तबकडी पाहिली असावी. "आत्ता आपण जे ऐकलं, ते सुंदर गीत आपल्या एर्मेतेनंच रचलेलं आहे," ते म्हणाले.

बायकांमध्ये कुजबुज झाली. देसोलिना मावशी काठी टेकत इल्वाजवळ आल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"बाई गं, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पाद्री नवीन दिसतोय, त्याचा घोटाळा झालाय. पण आज राहू दे. आज आमच्या खर्जवाल्याला ते स्वतःचं म्हणू दे."

इल्वानं त्यांचा सुरकुतलेला हात धरला. तिला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही.

"हो, मावशी," ती म्हणाली. "राहू दे."