तुमी काय सोडलं?

“घ्या नर्सबाई, गरम हाये तवरच घ्या,” म्हणत सीमानं ट्रे माझ्यापुढे धरला, आणि मी हात छातीशी नेऊन म्हणाले, “नको वं. आमचा उपासाचा काळ चालू हाये. मी चहा सोडला.”

ट्रेमध्ये तीन कप होते. कोरे करकरीत, बशीसकट, सोनेरी काठाचे. माझ्यासाठीच आणले असावेत, कारण एका बशीच्या बुडाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. एक कप माझा, एक सीमाचा आणि एक तिच्या सासूचा, गोदाबाईचा. गोदाबाई समोर खाटेवर उशांना टेकून बसली होती. हृदय मोठं झालेलं, पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलली की दम लागायचा. आठवडाभर तिनं आपल्या नातवाकडून, नितेशकडून, मला निरोपावर निरोप पाठवले होते, म्हणून मी अमरावतीहून नांदगाव पेठेच्या अलीकडच्या त्या गावात आले होते. रिटायर होऊन मला आठ वर्षं झाली. त्याआधी पंचवीस वर्षं त्या गावची नर्स मीच होते.

“चहा सोडला?” गोदाबाईनं विचारलं.

“हाव. चाळीस दिवस.”

“मंग दूध आणू का?” सीमा म्हणाली. “घरच्या गाईचं हाये.”

“राहू दे. मले कायीच नको.”

गोदाबाईनं स्वतःचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

तिनं मला कशासाठी बोलावलं होतं ते मला पहिल्या निरोपालाच कळलं होतं. नितेश याच घरात जन्मला, माझ्या हातून. पायाळू पोर. मे महिन्याची भर दुपार, गावात गाडी नाही, शहरात न्यायला वेळ नाही, आणि सीमा अर्धमेली झालेली. दीड तास झगडून मी त्याला बाहेर काढलं. ते रडलं तेव्हा गोदाबाईनं माझे पाय धरले. आणि मग चहा आला. ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात, खराट्याच्या वर, कान तुटलेला एक कप माझ्यासाठी ठेवलेला असायचा. गोदाबाईनं त्यात लांबून चहा ओतला. माझा पिऊन झाला, तिनं लांबूनच पाणी ओतलं, मी कप विसळला आणि पालथा घातला. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला होता, पण गावाच्या लेखी आम्ही जे होतो तेच राहिलो. तिच्या घरचं रक्त कोपरापर्यंत लागलेले माझे हात त्या घराला चालले होते, आणि कप मात्र वेगळा होता.

मी कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर लस टोचायला पोरं कोणी आणली असती? नोकरी करायची तर कप विसळायचा, एवढं मला कळत होतं.

आता गाव बदललं आहे. अर्ध्या घरांतली पोरं एमआयडीसीत कामाला जातात, ओसरीवर टाइल्स बसल्या, कोनाडा बुजला. गोदाबाईही बदलली होती, नाहीतर तिनं मला घरात, तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर बसवलं नसतं.

“नर्सबाई,” ती म्हणाली, “ते जुनं आता सोडून द्या जी.”

“कोणतं जुनं?” मी विचारलं.

चेहरा असा भोळा केला, की मलाच माझी लाज वाटावी. सीमा मान खाली घालून कोरडीच बशी पदरानं पुसत होती.

“मले बोलता नाई येत,” गोदाबाई शेवटी म्हणाली. “अडानी बाई हावो मी.”

मी उठले. तिची नाडी पाहिली, पायावर बोट दाबून सूज पाहिली, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, असं सगळं सांगितलं आणि निघाले. नर्सबाई व्हायला मला एका क्षणाचाही वेळ लागत नाही. अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडतं ते.

आता खरं सांगते. त्या दिवशी रविवार होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस मोजताना आम्ही रविवार धरत नाही. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो, हे दरवर्षी नव्या सुनांना मीच समजावून सांगते. त्या सकाळी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मी दोन कप चहा प्याले होते, आलं घातलेला. तेव्हा गोदाबाईचा चहा मी देवासाठी नाकारला नव्हता. देवाला पुढे करून नाकारला होता. बसमध्ये बसले तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. बरं वाटत होतं. एकतीस वर्षांनी का होईना, मी त्या घरात काहीतरी नको म्हणाले होते.

आणि खणायलाच बसले तर आणखी खोल जावं लागतं. चहा सोडायचा नेम मी धरला तो नितेश जन्मला त्याच्या पुढच्या उपवासकाळात. तोवर मी मटण सोडायची, सगळेच सोडतात तसं. त्या वर्षी मनात आलं, चहाच सोडला तर निदान चाळीस दिवस तो कप हातात घ्यावा लागणार नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी माझ्या नेमाचा संबंध होता तो एवढाच. पुढे लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि मीही तेच खरं मानायला लागले.

आमच्याकडे राखेचा बुधवार झाला की बायका एकमेकींना विचारत फिरतात, “तुमी काय सोडलं?” कोणी पान सोडतं, कोणी मोबाइल. माणिकबाई माझ्या शेजारी राहते आणि चर्चमध्येही माझ्याच बाकावर बसते. तिनं यंदा मालिका सोडल्या होत्या आणि मालिकेत काय चाललंय ते रोज फोनवर बहिणीला विचारत होती. मी तिला हसायची. माझा एकतीस वर्षांचा चहा म्हणजे आमच्या धर्मग्रामात, चर्चच्या सगळ्या मंडळीत, दाखला द्यायची गोष्ट झाली होती. फादरनी एकदा प्रवचनात नाव न घेता माझा उल्लेख केला, तेव्हा मी मान खाली घातली होती, पण सगळे माझ्याकडेच बघत आहेत ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं होतं.

गोदाबाईकडून आल्यावर तीन शुक्रवार मी क्रुसाची वाट केली. चौदा थांबे, प्रत्येक थांब्याला गुडघे टेकून. गुडघे दुखले की बरं वाटायचं. फादरपुढे पापनिवेदनही केलं. माणिकबाईवर चिडले, सकाळची प्रार्थना दोनदा चुकली, असं सगळं सांगितलं. त्या रविवारचं नाही सांगितलं. एका शनिवारी स्वयंपाक करताना नितेशचा फोन आला, पुन्हा आला. पुन्हा बोलावत असतील, पुन्हा ते कप काढतील, असं वाटून मी तो वाजू दिला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या बुधवारी नितेश घरी आला. भाजीची गाडी बाजारात खाली करून तसाच आला होता, हातात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या. त्याच्या डोक्याचा चकोट पाहिला आणि मी दाराची चौकट धरली.

“मावशी, आज्जी गेली,” तो म्हणाला. “आज दहा दिवस झाले. आदल्या दिवशी फोन केला होता तुमाले, दोन डाव.”

मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो खुर्चीच्या काठावर बसला. जन्मला तेव्हा माझ्या दोन तळहातांत मावला होता. आता त्याच्या स्वतःच्या मुलीला पाचवं चालू आहे.

“चहा ठेवू का?” मी सवयीनं विचारलं.

तो ओशाळून हसला. “नको. घरात तेच चालू हाये सध्या. आज्जीले लय लागे ना चहा, दिवसातून सात-आठ कप. तुमी येऊन गेल्या त्या दिवसापासून घेतलाच नाई तिनं. म्हणे, नर्सबाईनं माह्या घरी घेतला का मंगच घेईन.”

“अरे, मंग मले कावून नाई सांगतलं?”

“तिनंच सांगू देल्लं नाई. म्हणे, सांगून पाजलेला नको. तिच्या मनानं आली पाह्यजे.” तो जुड्यांची सुतळी बोटानं चाळवत राहिला. “शेवटी डॉक्टरबी म्हणे, काय मागते ते द्या. आईनं चमचाभर चहा नेला तोंडाशी. तोंड फिरवलं तिनं.”

त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी आपली टेबलावरचं प्लॅस्टिक सरळ करत बसले. तीन आठवडे. सात-आठ कप रोजचे. रविवारीसुद्धा नाही. ऐंशी वर्षांची, दम लागणारी बाई, जिला येशूचं नाव फक्त माझ्या गळ्यातल्या क्रुसावरून माहीत होतं.

“आई म्हणते, शुक्रवारी तेरवी हाये,” नितेश उठता उठता म्हणाला. “तुमी आल्या अन् घोटभर घेतला, तं आज्जीचा उपास सुटन.”

“शुक्रवारी आमचा उत्तम शुक्रवार असते रे, गुड फ्रायडे,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. “तीन वाजेलोक पाणीबी घेत नाई मी.”

“असं हाये का?” तो म्हणाला. “बरं मावशी. मंग राहू द्या.”

इतक्या सहज म्हणाला. ज्याचा त्याचा नेम असतो हे त्याला घरातूनच माहीत होतं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी मी दारातच उभी होते.

शुक्रवारी सकाळी माणिकबाईनं हाक मारली. तिला म्हटलं, तुमी चर्चला पुढे व्हा, मी परस्पर येते. आणि बस धरली.

गोदाबाईच्या अंगणात मांडव होता. बायका पोळ्या लाटत होत्या, पुरुष बाजेवर बसले होते. ओसरीत पाटावर तिचा फोटो, त्याला त्यांच्याच मळ्यातल्या झेंडूचा हार. सीमानं मला पाहिलं, हातातलं लाटणं खाली ठेवलं. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. आत गेली आणि बराच वेळ आली नाही. माझ्या शेजारची एक म्हातारी बाई म्हणाली, “तुमीच का त्या?” मी हो म्हणाले.

सीमा आली ती एकच कप घेऊन. मी तो दोन्ही हातांनी घेतला. अकरा वाजले होते. प्रभूला खिळे ठोकायची वेळ जवळ आली होती, आणि मी अंगणभर माणसांसमोर चहाचा घोट घेतला. साखर फार होती, वर साय आली होती. एका घोटानं भागलं असतं. मी सगळा प्याले. दर घोटाला मला ती चमच्यावरून फिरवलेली मान दिसत होती.

सीमानं रिकामा कप माझ्या हातातून घेतला आणि फोटोसमोर जाऊन बसली. गोदाबाईला शेवटी शेवटी ऐकू कमी येत असावं, कारण सीमा मोठ्यानं बोलली, जिवंत माणसाशी बोलावं तसं.

“आत्याबाई! घेतला वं! नर्सबाईनं घेतला चहा!”

सीमा पुन्हा म्हणाली, “सुटला तुमचा उपास.” मग पदर तोंडात कोंबून रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तेवढा हक्क मला राहिला आहे असं वाटलं नाही. गोदाबाईचा उपास सुटला असेल. सीमा म्हणते तर सुटलाच. माझं काही सुटलं नाही. तिनं मला सोडून द्या म्हटलं होतं तेव्हा ती समोर बसलेली होती, ऐकायला, बघायला. आणि मी विचारलं होतं, कोणतं जुनं?

चर्चला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. दुःखसहनाचं वाचन संपून लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला उठले होते. माणिकबाईनं माझी जागा धरून ठेवली होती, अगदी पुढे, दरवर्षीची. तिच्या ओठांना कोरड पडली होती. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तोंड कसं दिसून राहिलं तुमचं! पाणीबी नाई ना घेतलं?”

“चहा घेतला,” मी म्हणाले.

“आज?”

“आज.”

ती थोडी सरकली आणि तरीही माझ्यासाठी आपल्यापुढे रांगेत जागा केली. वेदीजवळ फादर दोन्ही हातांनी क्रूस धरून उभे होते, आणि एकेक माणूस वाकून क्रुसावरच्या पायांना ओठ लावत होतं. मी माणिकबाईला म्हटलं, तुमी व्हा पुढे. बाकांच्या कडेकडेनं रांगेच्या उलट चालत गेले. रांग दाराबाहेर उन्हात गेली होती. मी सगळ्यात मागे जाऊन उभी राहिले.