वाजवू का?

पाटी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर शाळा उभी राहत असेल, मित्रांनो. मी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही. मी सिनेमाच्या शूटिंगमधली जुनी पाटी आहे. लोक मला क्लॅप म्हणतात. माझ्या डोक्यावर बिजागरीने जोडलेली लाकडी पट्टी आहे. कॅमेऱ्यापुढे मला धरून ती खाडकन आपटली, की नंतर चित्र आणि आवाज बरोबर जुळवता येतात.

मला घडवणारा सुतार मोठा चोखंदळ होता. पट्टी आपटून बघायचा, नाक मुरडायचा, पुन्हा रंधा मारायचा. शेवटी असा काही आवाज निघाला की दुकानाबाहेर झोपलेले कुत्रे उठून पळाले. पुढे कितीतरी सिनेमांत "आवाज असावा तर असा!" हे ऐकून ऐकून मी चांगलीच शेफारले.

मग मी एका लहानशा सिनेमाच्या कामाला गेले. पैसा बेताचा, दिग्दर्शिका स्वतःच सगळ्यांना चहा करायची. सिनेमा तिच्या मावशीवर होता आणि त्यात काम करणारीही मावशीच. मावशी लाँड्रीत इस्त्री करायची. तिथला बॉयलर फुटला. मावशी वाचली, शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण वाचली नाही. तेव्हापासून घरात भांडे पडले तरी मावशी दचकायची. लाँड्रीत तिने पुन्हा पाऊल टाकले नव्हते. भाचीने सिनेमाचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "दुसरीनं माझं सोंग आणण्यापेक्षा मीच करते." तिला एकदा तरी त्या टेबलापाशी उभे राहायचे होते.

पहिल्या दिवशी, डागडुजी झालेल्या त्याच लाँड्रीत, मावशी इस्त्री घेऊन उभी राहिली. मी जोशात होते. खाड!

मावशी टेबलाखाली. दोन्ही हात डोक्यावर. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास सुटला. कुणीतरी बटण बंद केले. भाची तिच्याजवळ फरशीवर जाऊन बसली.

"नाही गं जमायचं मला," मावशी म्हणाली. "उगाच तुमचा खोळंबा."

मला माझा आवाज नकोसा झाला, मित्रांनो.

आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला सगळे बोका म्हणत. एवढा अगडबंब माणूस, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. तोही खाली बसला.

"मावशी, क्लॅप शेवटीही देता येतो. पाटी उलटी धरायची, एवढंच. तुमचं काम आधी होऊ दे. मग मी विचारीन, वाजवू का?"

"आणि नको म्हटलं तर?"

"तर थांबू. मला कुठं गाडी गाठायचीय?"

मावशी किंचित हसली.

दुसऱ्या दिवसापासून माझे खाली डोके वर पाय सुरू झाले. एवढ्या नावाजलेल्या पाटीची ही दशा! पण बोक्याने "वाजवू का?" विचारले की मावशी इस्त्री बाजूला ठेवायची, टेबलाची कड घट्ट धरायची आणि म्हणायची, "हं." मग तो मला हलकेच मिटवायचा. एवढासा टक. कधी ती "थांब" म्हणायची आणि सगळे थांबायचे. हळूहळू मलाही ते थांबणे आवडू लागले.

शेवटच्या दृश्यानंतर बोक्याने नेहमीसारखे विचारले. मावशीने हात पुढे केला. "आण इकडे. मीच वाजवते."

तिने मला जपून मिटवले. पट्टी नुसतीच टेकली.

"मला काही ऐकू आलं नाही बुवा," बोका म्हणाला.

"बहिरा झालास की काय!" असे म्हणून तिने पट्टी उचलली आणि खाडकन आपटली. डोळे मिटले, खांदे वर गेले, पण पाय जागचे हलले नाहीत. भाचीला रडू आवरेना.

आता माझी बिजागरी ढिली झाली आहे. मी अडगळीतच जायची, पण मावशीने मला मागून घेतले. ती पुन्हा कामावर जाते आणि तिच्या टेबलामागच्या खिळ्यावर मी असते. कपडे न्यायला आलेल्या मुलांचे हात शिवशिवतात. त्यांना नियम एकच, आधी विचारायचे.

दंगा करू नका, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण कुणाच्या पाठीमागून जाऊन भॉक करण्याआधी जरा थांबा, मित्रांनो. कुणी काय सोसले आहे, ते वरून दिसत नाही.

काल एका चिमुरडीने मला हातात घेतले. "मावशी, वाजवू का?"

मावशीने शेजारच्या टेबलाकडे पाहिले. "आज नको गं," ती म्हणाली.

मुलीने मला पुन्हा खिळ्यावर अडकवले. आवाज होऊ नये म्हणून पट्टीत आपले बोट धरून.