वरच्या रेघेपलीकडचे ठोके

मी जर्मेनियमचा स्फटिक बोलतोय. वजन दीड किलो, उंची पाण्याच्या पेल्याएवढी. बंद पडलेल्या एका खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, मी चौदा वर्षं कान देऊन बसलो. रडगाणं गायला बोलत नाही. झालं ते सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या रसातून मला इतक्या सावकाश वर ओढलं की कारागिराची मान आखडली. अंगावर डाग राहू दिला नाही त्याने. मग तांब्याच्या डब्यात बसवलं, भोवती शिशाच्या विटा, विटांभोवती पाण्याची टाकी. आणि थंडी अशी, की तिच्यापुढे बर्फ म्हणजे शेकोटी.

एवढा थाट कशाला? या विश्वात डोळ्यांना दिसतं त्याच्या पाचपट काहीतरी न दिसणारं आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचा एखादा कण माझ्या अणूला धडकेल, मला किंचित ऊब लागेल आणि तो ठोका तारेवरून कॉम्प्युटरला कळेल, असा बेत. कृष्णद्रव्य पाण्यात उजेड पाडत नाही; त्याच वेळी टाकी चमकली, तर आलेला पाहुणा दुसराच कोणीतरी. तो ठोका बाद.

बेत बाईंचा, म्हणजे या प्रयोगाच्या प्रमुख शास्त्रज्ञांचा. विटा रचल्या त्यांच्या मामांनी. मामा याच खाणीत फोरमन होते, शिक्षण चौथी. एकेक वीट त्यांनी फडक्याने पुसून लावली. कोणी नुसतं शिंकलं तरी त्याची लिफ्टने वर रवानगी व्हायची.

चूक पहिल्याच आठवड्यात झाली. बाईंनी गणित मांडलं. हे कण आपल्या आकाशगंगेतले. फार वेगाने धावणारे असते, तर ते तिच्यातून कधीच निसटून गेले असते. म्हणजे उरले ते बेताच्या वेगाचे, आणि त्यांची धडक एका जोरापलीकडे जाणार नाही. बाईंनी आलेखावर रेघ मारली. रेघेच्या वरचा ठोका कचरा. कॉम्प्युटरने तो, टाकी चमकली की नाही एवढं पाहून, फक्त मोजायचा आणि बाकी तपशील पुसून टाकायचा.

घरच्या कणांपुरतं गणित चोख होतं. उपऱ्यांचं काय? एखादा शेजारच्या आकाशगंगेतून येतो. एखादा वाटेत कोणाचा तरी धक्का खाऊन सुसाट सुटतो. हलका कण सावकाश आला तर मला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. तोच वेगात आला की हाडं खिळखिळी करतो.

तिसऱ्या वर्षी असा ठोका मला बसला. टाकी अंधारात होती. मी माझं काम केलं, कळवलं. ठोका रेघेच्या वर निघाला. पुसला. पुढे पुन्हा, आणि पुन्हा. वर दरवर्षी अहवाल जायचा की काही सापडलं नाही. बाईंचे केस पिकले. मी सांगून सांगून थकलो.

शेवटी प्रयोग बंद करा, असं पैसे देणाऱ्या समितीचं पत्र आलं. बाई आणि मामा विटा काढायला खाली उतरले. पहिली वीट हातात घेऊन मामांनी विचारलं, टाकलेल्यात काय होतं ते बघितलंस का? त्यांच्या वेळी खाणीचा भाग बंद करण्याआधी टाकाऊ ढिगारा पुन्हा एकदा चाळायची रीत होती. त्याशिवाय मामा सही करत नसत.

बाई हसल्या. "मामा, तो दगडांचा कचरा होता. हा माझ्या गणिताचा आहे."

"मग तर आधी चाळ. दगडाला गर्व नसतो."

बाईंनी तोंड वाकडं करून कॉम्प्युटर उघडला. टाकी चमकलेले ठोके हजारो होते. टाकी अंधारात असताना आलेले तेवीस. नुसता आकडा. कधी आले, किती जोराचे, काही नाही.

"खडकातले न्यूट्रॉन असतील, मामा; ते कधी टाकी न चमकवताही निसटून येतात. नसतीलही. आता कळायला मार्ग नाही."

"पुसायला सांगितलं कोणी?"

"मीच."

हातातली वीट मामांनी पुसली आणि परत जागेवर ठेवली.

बाईंनी रेघ हटवून आणखी एक वर्ष मागितलं. समितीने कळवलं, पुसलेला ठोका पुरावा होत नाही. तेही बरोबरच. माझा संताप याचाच आहे. चौदा वर्षं सगळे बरोबर होते, आणि मी मात्र फुकट मार खाल्ला.

थंडी काढली. तापलो की मी बहिरा. आता गोदामात, लाकडी खोक्यात आहे. खोक्यावर मामांनी खडूने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, 'टाकू नये'. त्याखाली बाईंनी लिहिलं, 'काहीही पुसू नये', आणि सही केली.

मी शाबूत आहे. मला पुन्हा थंडीत बसवा. रेघ हवी तर मारा, पण पलीकडचं जपून ठेवा. ज्याच्या हाती हे खोकं लागेल त्याने वेळेत वाचावं. खडू आहे, फार दिवस टिकायचा नाही.