गांधीलमाश्या आणि जमातीची देग

धुराबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पन्नासेक वर्षं मी अहेरीत भांड्यांना कल्हई लावतोय. तापल्या भांड्यावर चिमूटभर नवसागर टाकला की पांढराफेक धूर उठतो, त्या धुरात माझी जवानी गेली. म्हणून आमच्या मागच्या दाराच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी घर केलं तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, हे काम ह्या नवाबचं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. पाऊस सरला होता, धान लोंबीवर आलं होतं. या दिवसांत गांधीलमाश्यांचं घर ताटलीएवढं होतं आणि त्यांचं डोकंही ठिकाणावर नसतं. एरवी मी ढुंकून पाहिलं नसतं. पण मागल्या वर्षी माझ्या बायकोला, साबिराला, एकच माशी डसली आणि गळा सुजून तिचा श्वास कोंडला. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत ती निळी पडली होती. डॉक्टरांनी वाचवलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही."

तेव्हापासून घोंघों ऐकली की साबिरापेक्षा माझंच काळीज हलायचं. आता तर मागची विहीर तिला बंदच झाली होती. स्वतःच्या घरात बाई चोरासारखी वावरायची, ते मला बघवत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी बुधरी आली. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाची ही गोंडीण बाजारात मोहफुलं, डिंक विकायची आणि उन्हाचं आमच्या ओसरीवर टेकायची. तिनं वळचणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवाबभाऊ, धूर नोको देऊ. भर दुपारी तं नाईच. पहाटे थंडीत ह्या सुन्न राह्यतेत. तवा पोतडी चढवाची, देठ कापाचा, झालं."

"बुधरीबाई, तू मोह वेच. धूर माहा धंदा हाये."

"धूर तुले ओळखत असंन," ती हसली, "माशी कुठी ओळखते?"

मी मनावर घेतलं नाही. दुपारीच भट्टी वळचणीखाली ओढली, भाता जोडला. साबिराला मागच्या दाराच्या खोलीत बसवलं, दाराला आतून कडी लावायला सांगितली आणि खालच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

ती म्हणाली, "अजी, छपराच्या कवेलूंच्या खालून हवा येते ना इथी?"

"मी हाये ना! तू काऊन भेतं?"

त्याच खोलीत आमच्या मशिदीच्या जमातीची देग होती, लग्नात दोनशे माणसांची बिर्याणी शिजवायचा तांब्याचा भलामोठा हंडा. जमातीची भांडी सांभाळणारे अल्ताफभाऊ ती घेऊन आले होते. देग गळते म्हणे! माझ्या हातून दोनदा गेलेली देग गळेल कशी? "तुम्ही बिर्याणीत पाणी जास्त टाकता," असं मी त्यांना सुनावलं, भोक शोधायच्या भानगडीत न पडता नवी कल्हई लावली आणि देग विटेच्या टेकूवर कलती पालथी घातली.

नवसागर टाकला, भाता मारला. असा धूर उठला की शेजारची कोंबडीसुद्धा पळाली. माश्या घरावरून उठल्या, पण माझ्या अंगावर एकही आली नाही. मी खूश. मग डोळे पुसून वर पाहिलं. भिंत आणि कवेलूंच्या मधल्या फटीतून त्या रांगेनं आत शिरत होत्या. धूर बाहेर होता, मोकळी हवा आत. भट्टीपाशी मी जन्मभर धुराकडे पाठ करून उभा राहिलो, आणि माश्याही तेच करतील हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

मी धावत पुढच्या दारानं आत गेलो. खोलीभर माश्या. खाटेवर साबिरा नव्हती. मला तीन डसल्या, ते नंतर कळलं. "साबिरा! साबिरा!" मी ओरडलो.

देगेतून ठकठक आली.

"वरडू नका. मले एकबी डसली नाई. मागचं दार उघडा अन् बाहेर थांबा. उजेडाकडे जातीन त्या."

पहिली माशी आत आली तशी ती देगेखाली सरकली होती आणि लाथ मारून तिनं वीट उडवली होती. मी कडी काढली, धुराची भट्टी दूर ओढली आणि उंबऱ्याबाहेर बसलो. माश्या जायला पाऊण तास लागला. दर दोन मिनिटांनी मी विचारत होतो, "साबिरा, श्वास घेता येते काय?"

"येते. तुमच्या देगेले भोक हाये. तिथून हवा येऊन राह्यली."

मी मोठ्यानं रडलो. लाज वाटली नाही.

संध्याकाळपर्यंत माश्या पुन्हा वळचणीच्या आपल्या घरावर गोळा झाल्या. बुधरी अहेरीतच मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी साबिराला शेजारी पाठवलं आणि बुधरीला बोलावलं. तिनं अंगभर घोंगडी लपेटली, पोतडीचं तोंड हळूच घरावर चढवलं, विळ्यानं देठ कापला, तोंड बांधलं आणि पोतडी पाण्याच्या टाकीत बुडवली. मग देठाच्या जागी रॉकेलचा बोळा फिरवला. माझी विडीसुद्धा संपली नव्हती.

"उन्हाळ्यात रुपयाएवढं घर दिसलं का तवाच काठीनं पाडत जा," ती म्हणाली. "मंग मले बोलवाचं काम नाई."

देग झाळायला, म्हणजे भोकाला डाग द्यायला, घेतली. उन्हात धरली तेव्हा बुडाजवळ ते भोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी त्याला डोळा लावला. आत अंधार होता.

दुपारी अल्ताफभाऊ देग न्यायला आले. साबिरा दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"भाऊ, तुमचं खरं होतं," मी म्हणालो. "देगेले भोक होतं."

अल्ताफभाऊ चाटच पडले. तीस वर्षांत माझ्या तोंडून असं त्यांनी ऐकलं नव्हतं. "बुजवलं ना मंग?"

"बुजवलं," मी म्हणालो. "बुजवायले हात उठत नव्हता, पण बुजवलं."