दोन्ही बाजूंनी काच

“हेमराजभाऊ, आखाजीना आगूदर हाई भिंतले लागाले जोयजे,” म्हणत कळसाडीच्या प्रमिलाबाईंनी पिशवीतून चित्र काढून काउंटरवर ठेवलं.

शहाद्यात मी तीस वर्षं फ्रेमा करतो. गिऱ्हाईकं दोनच तऱ्हेची, देव आणणारी आणि गेलेल्यांचे फोटो आणणारी. हे भलतंच होतं. लाकडात कोरून, एकेक रंग वेगळा दाबून छापलेलं जपानी चित्र. लालभडक पानांची फांदी, तिच्यावर पाठमोरा निळा पक्षी. त्यांच्या लेकीनं, दीपमालानं तिकडून पाठवलेलं. ती जपानात म्हाताऱ्यांची देखभाल करते. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येऊन झोके खेळतात; अशा दोन आखाज्या तिच्यावाचून गेल्या होत्या.

“कुसुंबले पालवी फुटनी देखा. म्हणजे पोर आखाजीले येई,” लाल पानांवर बोट ठेवून बाई म्हणाल्या.

आपल्याकडे कुसुंबाचं झाड चैत्रात नव्या पालवीनं असंच लाल होतं आणि पाठोपाठ आखाजी येते. बाईंनी दुसरं काय समजावं? पिशवीत झोक्याचा नवा दोरही दिसत होता.

मापासाठी मी चित्र उलटं केलं. लाल रंग कागदातून पाझरून मागं आला होता आणि त्यावर बारीक अक्षरं होती. ती वाचली. बाईंना वाचता येत नव्हतं. मागं प्लाय ठोकला की विषय संपत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तो दोर पाहून मला ते पाप वाटलं.

“पालवी नई शे, ताई. तठे जपानमा पानं झडाना आगूदर अशी लाल व्हतस,” मी म्हणालो आणि वाचून दाखवलं. ‘आई, अजून तीन वर्षं थांबतेय. फोनवर तोंडातून निघत नाही. रागावू नकोस.’

बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, हे तिचंच अक्षर का? मी हो म्हणालो.

“मंग झाकू नको, भाऊ. दोन्ही बाजूले काच लाव.”

अशी फ्रेम भिंतीला लावली तर एक बाजू वायाच जाते, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

दोन काचांच्या कामाला वेळ लागला, म्हणून आखाजीच्या दिवशी फ्रेम द्यायला मी स्वतःच कळसाडीला गेलो. गल्लीत माहेरवाशिणींची गाणी चालली होती. प्रमिलाबाईंनी ओसरीवरच्या झोक्याच्या कडीत तो नवा दोर ओवला आणि पाटाच्या जागी फ्रेम बांधली. ती वाऱ्यानं सावकाश फिरू लागली. कधी पानं दिसत, कधी अक्षरं.

बाई खाली बसल्या आणि हात लांबवून त्यांनी तिला हलकेच झोका दिला.