शेमशकला चहापुरतं

इरजच्या छातीत तेहरानचा धूर जाऊन बसला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता डोंगरात कुठंतरी राहायला जा. मग महलगानं शहरातलं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि थंडी पडल्यापासून दर शुक्रवारी नवऱ्याला गाडीत बसवून ती गावं पालथी घालू लागली. ती बुशहरची, समुद्राकाठची. लग्नापर्यंत बर्फ तिला फक्त सरबतातला ठाऊक होता.

एका गावात पाण्याची बोंब, दुसऱ्यात दवाखाना लांब, तिसऱ्यात हिवाळ्यात शेजारी कुणीच नाही. इरजची कशालाच ना नव्हती. फक्त शेमशकचं नाव निघालं की तो विषय बदलायचा.

तो मूळचा तिथलाच. तरुणपणी उतारावर लोकांना स्कीइंग शिकवायचा. पस्तीस वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ कामबीज गेला. त्या सकाळी कामबीजनं वर जाऊ का म्हणून विचारलं होतं, आणि इरजनं जा म्हटलं होतं. त्यानंतर त्यानं गाव सोडलं ते सोडलंच.

माघातल्या एका शुक्रवारी महलगानं न विचारताच गाडी तिकडं घातली. घाटातलं वळण ओळखून इरज म्हणाला, "गाडी फिरव."

"फिरवते. चहा पिऊन फिरवते."

उताराच्या पायथ्याशी सफरचं चहाचं दुकान होतं. पूर्वी तो लोकांना तारेवरून डोंगरावर नेणारे पाळणे चालवायचा. त्यानं इरजला ओळखलं, पण गलका केला नाही. दोन वाडगे गरम आश, डाळ-भाजीचं दाट सूप, आणून ठेवलं आणि समोर बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तशी त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आगा इरज, त्या दिवशी कामबीज आधी माझ्याकडं आला होता. म्हणाला, दादाला विचारून येतो. पण दादा नाही म्हणाला तरी माझा पाळणा सोड. म्हणजे तू नाही म्हटलं असतंस तरी तो गेलाच असता."

इरजनं वाडगा बाजूला सारला.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू आलास कुठं? पत्ताही ठेवला नाहीस."

इरज उठून बाहेर गेला. महलगा लगेच मागं गेली नाही. सफरनं दिलेला चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग बाहेर येऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याचे डोळे भरून आले होते, पण नजर उतारावरून हलत नव्हती. तशातच त्यानं विचारलं, की तिनं इथं कुठलं घर बघून ठेवलंय. तिनं काहीच बघितलं नव्हतं. सफरच्या मेहुणीच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या त्याच दिवशी ठरल्या.

महिन्याभरानं महलगा हट्टाला पेटली, मलाही स्कीइंग शिकव म्हणून. साठीत हाड मोडलं तर जुळायचं नाही, असं त्यानं सांगून पाहिलं. शेवटी पोरांच्या बुटक्या उतारावर तिचे दोन्ही हात धरून तो उलटा चालू लागला.

"गुडघे वाकव. पायाकडं बघू नको, माझ्याकडं बघ."

"तुझ्याकडं बघूनच तर पाय लटपटतात."

ती पडली, आणि तिला उठवता उठवता तोही तिच्याशेजारी बर्फात बसला.