ताईचे तीन मेसेज

माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. लोक मला सर म्हणतात आणि मीही ते मनावर घेतो.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'कीप इन टच'. अर्थ सांगितला : संपर्कात राहा, अधूनमधून खुशाली कळवत जा. निरोप घेताना म्हणायचं, पत्राच्या शेवटी लिहायचं. "मीसुद्धा लिहितो बरं का," मी सांगितलं. अनोळखी नंबरवरून काहीही आलं की मी न वाचताच माझ्या फोनवरून उत्तर आपोआप जातं : थँक यू, कीप इन टच. या सोयीचा मला कोण अभिमान!

आमच्याकडे नवा शब्दप्रयोग लगेच फोनवर वापरायचा, स्पीकर लावून. सुरुवात सरांनी करायची. मी ऐटीत म्हणालो, "आय कीप इन टच विथ माय सिस्टर," आणि ताईचा नंबर लावला. आई गेल्यावर मला लहानाचं मोठं केलं ते तिनंच.

पलीकडून एक बुवा खेकसला, "कोण ताई? वर्ष झालं, हा नंबर माझाय!"

पहिल्या बाकावरच्या शिवणवाल्या काकूंनी पेन सरसावून विचारलं, "सर, याला काय म्हणायचं?"

"लॉस्ट टच."

सगळ्यांनी इमानेइतबारे लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! क्लास तिथंच सोडला आणि धावतपळत ताईचं घर गाठलं.

ताईनं काठी टेकत दार उघडलं.

"अगं, हे काय?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"आणि मला कळवायचं नाही?" मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा.

ताईनं आपला फोन माझ्या हातात दिला.

'नंबर बदललाय रे. ताई.'

'ऑपरेशन ठरलंय. भीती वाटते. येशील का?'

'झालं नीट. काळजी करू नकोस.'

प्रत्येकाखाली माझं उत्तर : थँक यू, कीप इन टच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, ते मी नाही गं, फोन आपोआप..."

"असू दे रे. मला कुठलं इंग्रजी कळायला? दुसऱ्या वेळी शेजारणीला अर्थ विचारला. ती म्हणाली, खुशाली कळवत जा असं म्हणतोय तुझा भाऊ." ताई काठी सावरत खुर्चीत बसली. "म्हणून तर तिसरा पाठवला."